हिरामण मापाऱ्याची इंग्लंडातली कटती

आमच्या गल्लीतल्या हिरामण बोरकरचं रक्त तपासायला काढलं तेव्हा तो दवाखान्यात भांडला. नर्सबाईनं सुई काढली, कापूस दाबला, आणि हा शिशीकडे पाहत म्हणाला, "बाई, तपासायले किती लागते?"

"थोडंसंच लागते काका."

"आन् काढलं शिशीभर. बाकीची कटती कोणाच्या घरी चालली?"

नर्स हसली. हिरामण हसला नाही. अशा गोष्टीत तो हसत नाही. मी सोबत होतो, मला शरम आली. पण खरं सांगतो, बाहेर पायरीवर बसून चप्पल घालताना मलाही वाटलं, बाप्पा, उरलेलं रक्त जाते तरी कुठं?

कटती म्हणजे काय हे आमच्या दवनीवाड्याकडल्या धानवाल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. धान बाजारात नेलं की पोतं काट्यावर चढवतात. व्यापारी पोत्यात हात घालतो, दाणा दाताखाली धरतो आणि म्हणतो, ओल आहे, इतकं कापा. कचरा आहे, आणखी कापा. रिकाम्या पोत्याचं वजन कापा. हे जे कापतात ना, ते कटती. हिरामण गोंदियाच्या बाजारात त्या काट्यापाशी जन्मभर मापारी होता. माप घेऊन ओरडायचं काम त्याचं, कापायचं काम व्यापाऱ्याचं. समोर शेतकरी उभा, त्याचं तोंड पडलेलं, आणि ह्याला बोलायची सोय नाही. तिथं जे बोलता आलं नाही ते तो आता सगळ्या दुनियेला बोलतो.

मापारी पहिल्या पोत्याला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. हिरामणची ती सवय अजून गेली नाही. लग्नाच्या पंगतीत पानावर जिलेबी पडली की तो मोठ्यानं म्हणतो, "लाभ!" वाढणारा घाबरून पुढे पळतो. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटतात, तर हा वाटी घेऊन खिरीच्या गंजात डोकावतो आणि वाढणाऱ्या बाईला सांगतो, "वो माय, बुडाले चिकटली ते कोणाच्या हिशोबात?" लोक त्याला कटतीबाबा म्हणतात. त्याला चालते. म्हणतो, नाव ठेवायचे पैसे तर नाही कापले ना कोणी.

त्याची बायको लवकर गेली. पोरगी प्रज्ञा तेव्हा पाचवीत होती. लोकांनी दुसरी करायला लय सांगितलं. ह्याचं एकच उत्तर, "दुसरी आणली का पोरीच्या वाट्यात कटती." विषय संपला. स्वतः भात रांधायचा, स्वतः तिची वेणी घालायचा. वेणी इतकी आवळायचा की पोरीचे डोळे ताणून कानाकडे जायचे. आमची बुढी, म्हणजे माझी बायको, तिला बोलवून घ्यायची आणि सोडून पुन्हा घालून द्यायची.

आता बुढीही नाही. ती गेली तेव्हा महिनाभर लोक मला समजावायला येत होते. मरण चांगलं आलं, त्रास झाला नाही, असं काहीबाही. मला त्या लोकांचा राग यायचा. हिरामण आला आणि म्हणाला, "भोजू, मले समजावता येत नाही गा. तमाखू खातं का?" आणि बसला. तेव्हापासून रोज संध्याकाळी येऊन बसतो. कोणाचं मरण चांगलं ते आमच्यात निघत नाही.

प्रज्ञा हुशार निघाली. माझ्यासारख्या चौथी पास माणसानं हुशारी काय तोलावी, पण पेपरात तिचा फोटो आला होता म्हणून म्हणतो. ती नागपूरला शिकायला होती तेव्हाची गोष्ट. हा फोन करायचा.

"जेवली का?"

"हो बाबा."

"ठेव मग. बिल चढते."

संपला फोन. बापलेकीचं बोलणं एवढंच. एक दिवस होस्टेलमधून निरोप आला, पोरगी जिन्यात चक्कर येऊन पडली. आम्ही दोघं धावत गेलो. डॉक्टर म्हणाला, ही दिवसातून एकदाच जेवते. हिरामणनं विचारलं, काऊन? तर पोरगी सलाइन लावलेल्या हातानं समजावून सांगते, "बाबा, मेसवाला चार पोळ्यांचे पैसे घेते आणि मी खाते दोन. ही कटतीच झाली ना? म्हणून एका वेळचं बंद केलं."

हिरामण तिच्याकडे पाहतच राहिला. परत येताना गाडीत मला वाटलं, आता हा सुधारते. पण कसचं काय, गोंदियाला उतरल्या उतरल्या रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून वाजलं.

मग प्रज्ञाला सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि ती इंग्लंडला गेली. सरकारचा पैसा जमा व्हायला उशीर लागणार होता. तोवर खर्चाला म्हणून बापलेकीच्या दोघांच्या नावाचं खातं काढलं. कार्ड प्रज्ञाकडे, मोबाइलचा नंबर हिरामणचा. ती तिकडे पैसे खर्च करणार, मेसेज इकडे दवनीवाड्याला वाजणार.

पोरगी विमानात बसायला निघाली तेव्हा लोक डोळे पुसतात, हा तिला मापाऱ्याचे दोन नियम सांगून राहिला होता. पहिला, मशीनमधून पैसे थोडे थोडे काढ. लहान पोतं, लहान कटती. दुसरा, दुकानातलं मशीन विचारते म्हणतात का रुपयात देता का पौंडात. तर रुपयाच दाबजो. "आपलं माप सोडू नको माय. दुसऱ्याच्या काट्यावर चढलं का माणूस बुडलाच." पोरीनं मान हलवली. बापाचा शब्द ती खाली पडू देत नाही, हीच तर तिची खोड.

मेसेज येऊ लागले. ह्याला इंग्रजी येत नाही, मलाही नाही. माझी सून सीमा बारावी झाली आहे, ती वाचते. तिकडे पोरगी दुपारी एकला जेवते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा होतात. हिरामण त्याआधीच आमच्या ओट्यावर येऊन बसायचा, मोबाइल मांडीवर. टिंग वाजलं की सीमाला हाक.

"वाच वो सूनबाई."

"काकाजी, हे बेकरी आहे. दोनशे दहा रुपये गेले."

"दोनशे दहाची पाव? सोन्याच्या भट्टीत भाजली काय?"

दुसऱ्या दिवशी कॅफे. "कॅफेत भात भेटते का?" हे तो सीमाला विचारायचा, जशी ती तिथली मालकीण. एकदा लायब्ररीचा दंड आला, पुस्तक उशिरा दिलं म्हणून. हिरामण आधी तडकला. मग थोडं थांबून म्हणाला, "उशीर झाला म्हणजे वाचून राहिली ते." आणि सगळ्या गल्लीत सांगत सुटला की माया पोरीले इंग्लंडात दंड झाला. लोकांना वाटलं, पोलिसानं पकडलं.

पण मशीनमधून रोकड काढली की एका टिंगमागून दुसरं टिंग वाजायचं. सीमा म्हणाली, "काकाजी, हे दीडशे वेगळे कापले आहेत. चार्ज म्हणून."

"कटती!" हिरामण असा उभा राहिला की कपातला चहा माझ्या धोतरावर. "इंग्लंडातही कटती!"

पोरगी बापाचं ऐकून थोडी थोडी रोकड काढत होती. कधी हजाराची, कधी आठशेची. दर वेळी मागून दीडशे. शेवटी एक दिवस तो मला काळीपिवळी जीपमध्ये कोंबून गोंदियाला बँकेत घेऊन गेला. खिडकीत एक मॅडम होती, हिंदीवाली, स्वभावानं बरी.

"मॅडम, पैसे काढले माया पोरीनं. मागून हे दीडशे कोणी काढले?"

"वो चार्ज है चाचाजी. विदेश के एटीएम का. हर बार लगता है."

"हर बार? वजनावर नाही?"

मॅडमला वजन समजलं नाही. मी म्हणालो, "रकमेवर लागते का म्हणून विचारून राहिला तो."

"नहीं नहीं. हजार निकालो या बीस हजार, ये उतना ही लगेगा. उसके ऊपर सौ पे साढ़े तीन रुपया अलग, पैसा बदलने का."

"कोण बदलते?"

"बैंक बदलता है."

"पोतं उचललं कोणी? गाडीत भरलं कोणी? इंग्लंडाले कोण घेऊन गेलं? जाग्यावरून रुपया हलला नाही आन् हमाली कायची?"

मागच्या रांगेतले लोक हसायला लागले. एक म्हणाला, बुढा सही बोल रहा है. मॅडमही हसली, पण तिनं कागद घेतला आणि लहान पोराला समजवावं तसं समजावलं. रुपया आणि पौंडाचा भाव रोज ठरते, बँक आपला भाव थोडा वर धरते, तोच तिचा नफा. तो वेगळा दिसत नाही, भावातच मिसळलेला असते. हिरामण म्हणाला, "धानात खडा मिसळते तसा." मॅडम म्हणाली, हां, वैसाच समझो.

"और दुकान में मशीन पूछता है, रुपया या पाउंड. बेटी क्या दबाती है?"

"रुपया," हिरामण छाती काढून म्हणाला. "मी शिकवलं."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "अरे चाचाजी! रुपया दबाया तो भाव दुकान वाले का मशीन लगाता है. हमसे भी महँगा. हमेशा वहाँ का पैसा दबाने का, पाउंड."

हिरामणला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "म्हणजे काटा त्याईचाच, भोजू. पाटी तेवढी आपली लावली."

मॅडमनं तोडही सांगितली. पोरीला तिकडेच खातं उघडू दे. सरकारचा पैसा त्यात येऊ दे. हे कार्ड वापरूच नका, सगळी झंझट संपते.

येताना काळीपिवळीत हिरामण धानाच्या बांध्यांकडे पाहत होता. घराजवळ आल्यावर म्हणाला, "जन्मभर काट्यापाशी उभा राहिलो गा, आन् पोरीले उलटंच शिकवलं."

त्याच रात्री त्यानं फोन लावून पोरीला सगळं फिरवून सांगितलं. पोरीनं खातं उघडलं, स्कॉलरशिप जमा झाली, कार्ड पेटीत गेलं. दीडशेचं टिंग बंद. पावाचं टिंगही बंद. मी म्हणालो, चला, गल्लीत शांतता झाली. कटतीबाबा जिंकला.

जिंकलेला माणूस असा दिसत नाही. हिरामण संध्याकाळी यायचा, मोबाइल मांडीवर ठेवून बसायचा. साडेसहा वाजायचे, सात वाजायचे. मग सीमाला म्हणायचा, "सूनबाई, पाहा वो, हे बिघडलं काय." ती पाहायची. "नाही काकाजी, चांगला आहे." तमाखूची पुडी निघेना. व्यापाऱ्यांना शिव्या निघेनात. एक दिवस दुकानदारानं त्याला रुपया कमी दिला, माझ्यासमोर, आणि हा तसाच चालू लागला. तेव्हा मी घाबरलो.

"काय झालं गा तुले? कटती वाचली ना? मग काऊन तोंड पाडून राहिला?"

"काही नाही."

"काही नाही कसं? दुकानदार लुटून राहिला आन् तू महात्मा बनून राहिला."

 ओट्याखाली कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडेच तो पाहत होता. मग म्हणाला, "आता ते जेवली का नाही, मले काय समजते?"

"फोन कर. विचार."

"फोनवर पोरगी खोटं बोलते भोजू. नागपूरलेही 'जेवली' म्हणे आन् जिन्यात पडली. मशीन खोटं बोलत नाही. बेकरी म्हणजे बेकरी. एक वाजता पैसे गेले म्हणजे एक वाजता तिच्या तोंडात घास गेला."

मी चौथी पास. पण एवढं मला आधी समजायला पाहिजे होतं. हा माणूस इतके दिवस दोनशे दहाच्या पावावर ओरडत होता, आणि ओरडून झालं की पोटभर श्वास घेत होता. आम्हाला फक्त ओरडणं ऐकू आलं.

मी सीमाला हाक मारली. म्हटलं, लाव इंग्लंडाले फोन, पैसे माये जाऊ दे. तिनं लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून प्रज्ञा घाबरली. "बाबा? काय झालं? तुम्ही बिल चढते म्हणून कधी असे..."

"काही नाही झालं. ऐक. ते कारड पेटीतून काढ."

"काऊन?"

"दुपारचं जेवण त्याच्यावरच करत जा. पौंड दाबजो. रोज."

"बाबा, दर वेळी कटती लागते ना. तुम्हीच तर सांगितलं. इथलं खातं आहे आता, एक पैसा जात नाही."

"जाऊ दे."

"काय?"

"लागू दे म्हटलं कटती. मी पाहून घेईन."

पलीकडे काही आवाज येईना. हिरामणला वाटलं, फोन कटला. तो मोबाइल हलवायला लागला. मग प्रज्ञाचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही जेवले का आज?"

"जेवलो."

"काय जेवले?"

"भात. भाजी."

"कोणती भाजी?"

हिरामण अडकला. इकडेतिकडे पाहायला लागला, जशी भाजी माझ्या ओट्यावर कुठं पडली असेल. मग मी फोनवर वाकून बोललो. मला गोड बोलता येत नाही.

"नाही जेवला तुया बाप. मी मोठेबाबा बोलून राहिलो. कालचा भात त्यानं कोंबडीले टाकला, मी पाहिलं. त्याच्या पायजाम्याचा नाडा आता दोनदा फिरते."

"भोज्या, गप बस!" हिरामण ओरडला.

"तू गप बस. खोटारडा. लेक बापावरच गेली आहे."

प्रज्ञा रडत होती का हसत होती ते फोनवर समजलं नाही. मग तिनं एकदम वकिलासारखा आवाज काढला. कार्ड पेटीतून काढते म्हणाली. रोज एक वाजता बसून नीट जेवेल, भात मिळेल तिथं भात. पण मेसेज आला की बाबांनी त्याच वेळी जेवायचं, मोठेबाबांकडे, सगळ्यांसमोर. आणि रविवारी ती फोन करून मोठेबाबांना विचारणार. "बाबांना नाही विचारणार. ते खोटं बोलतात."

"आन् मोठेबाबाले काऊन विचारतेस? मी तुया बाप आहो."

"ते तोंडावर बोलतात म्हणून."

हिरामणला हा सौदा पटला नाही. फोन ठेवल्यावर माझ्याशी भांडला. लोकाच्या घरी रोज जेवायचं म्हणजे काय, तो काय भिकारी आहे, असं बरंच बोलला. सीमा आतून म्हणाली, "काकाजी, एक मूठ तांदूळ जास्त टाकावा लागते, दुसरं काही नाही." मी म्हणालो, त्याले बोलू दे, पोटात काही नसलं का तोंड जास्त चालते.

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजून गेले. टिंग नाही. पावणेसात. हिरामण मोबाइलकडे पाहत होता, मी हिरामणकडे. सीमाही उंबरठ्यात येऊन उभी राहिली. मग वाजलं.

"वाच."

"चारशे साठ, काकाजी. हॉटेल आहे. आणि खाली..." ती नाव जुळवत राहिली. "खाली राइस लिहिलं आहे. भाताचंच हॉटेल असेल."

हिरामणनं डोळे मिटले, उघडले. चारशे साठवर तो एक शब्द बोलला नाही. उठला, हात धुतले आणि आमच्या चुलीपाशी येऊन मांडी घातली.

सीमानं दोन ताटं वाढली. लाखोरीची भाजी, भात, आंबील. आमच्या स्वयंपाकघरात जागा थोडी. बुढी गेल्यापासून मी भिंतीकडे तोंड करून जेवत होतो. जेवताना समोर कोणी नसलेलं पाहवत नव्हतं. त्या दिवशी भिंतीपाशी हिरामण बसला होता, म्हणून मला त्याच्याकडे तोंड करून बसावं लागलं.

"भाजीत मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"खा चूप," मी म्हणालो, आणि सीमाला दोघांनाही आणखी भात वाढायला सांगितलं.